तुझ्या नावावर मी मारलेले सात

अमडापूर आणि पंचक्रोशीतील समस्त शेतकरी, व्यापारी, शिक्षकवृंद आणि विशेषतः चहावाले यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चिखली तालुक्यातील मॉर्मन समाज गेल्या पंधरवड्यात एका सकाळी आठच्या सुमारास पूर्णपणे संपुष्टात आला आहे. समाजाची एकूण लोकसंख्या एक होती. समाज सोयाबीनच्या बांधावर बसून बुटाची नाडी सोडत होता, ती अर्धी सुटलेली राहिली. समाजाच्या मागे आई, पत्नी, एक बैलजोडी आणि हे लिहिणारा मित्र एवढा परिवार आहे.

हे वाचून तू हसला असतास, दिगू. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. मग म्हणाला असतास, "सुध्या, तू पानी मांगलं तरी असं वाटते का धरनाचं उद्घाटन होऊन राह्यलं."

काय करणार. मी मंडप आणि स्पीकरचा माणूस. चिखलीपासून लोणारपर्यंत लग्न असो, गणपती असो की शोकसभा, कर्णे माझे आणि निवेदनही माझंच. तीस वर्षं माईक हातात धरून माझ्या तोंडाला साधं वाक्य सोसेनासं झालं आहे. तू बरोबर उलटा. तुला दोन वाक्यं सलग बोलायला लावणं म्हणजे बैलाला जिन्यावरून खाली आणणं. तरी आपली जोडी पहिलीपासून टिकली, कारण तू ऐकायचास आणि मी बोलायचो, आणि दोघांनाही वाटायचं की अवघड काम आपल्याकडे आहे.

मॉर्मन म्हणजे काय, हे गावाला तू कधी नीट सांगितलंच नाहीस. अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ आहे, एवढं म्हणायचास. आणखी विचारलं की म्हणायचास, "बस मंग, दोन घंटे लागतीन." दोन तास कोणाला बसायला वेळ? म्हणून गावाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं की दिगूने माळ घातली. कोणती घातली ते दिसत नाही, पण घातली आहे, कारण दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही.

फौजेतून सुटल्यावर तू हैदराबादला एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर रखवालीला होतास. तिथे पांढरा सदरा आणि काळा टाय घातलेले दोन धर्मप्रचारक आले. फेरीवाल्यांना आणि प्रचारकांना आत सोडायचं नाही हा नियम. तू तो काटेकोर पाळलास, म्हणून ते फाटकाबाहेर उभे राहून तुझ्याशीच बोलले. मी तुला नेहमी म्हणायचो, की सोडलं असतंस आत तर चौथ्या मजल्यावरचा कोणीतरी मॉर्मन झाला असता आणि तू आमच्याबरोबर सुखाने चहा पीत राहिला असतास.

चहा. खरा हाहाकार तिथे झाला. सहा-सात वर्षांपूर्वी तू कायमचा गावी परतलास, काकूने, म्हणजे तुझ्या आईने, कप पुढे केला आणि तू म्हणालास, "आई, मी चहा सोडला." वऱ्हाडात माणूस बायको सोडतो, शेत सोडतो, गाव सोडतो, चहा सोडल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं.

"डाक्टरनं सांगतलं काय?"

"नाही. धर्मात नाही."

"चहा नाही? मंग सकाळी उठाचं कायच्यासाठी?"

शेवटी तोड निघाली. शोभावहिनी तुला गरम पाण्यात दूध-साखर घालून द्यायची. पत्तीचं नाव नाही. मी त्याला मॉर्मन चहा असं नाव दिलं आणि माझ्या दुकानासमोरच्या टपरीवरही ते चालू झालं. "तीन कटिंग, एक मॉर्मन" अशी ऑर्डर मी देत असे. काल सवयीने दिली. टपरीवाल्याने केलाही. कोणाला कळेना आता त्याचं काय करायचं. मीच प्यायलो. वाईट लागतो रे. इतकी वर्षं कसा प्यायलास.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तुझा उपास. काकूने आनंदाने साबुदाणा भिजवला, तर तू म्हणालास, पाणीसुद्धा नाही. "हा उपास नाही बाप्पा, हे शिक्षा होय," ती म्हणाली. दर रविवारी तू आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, मोबाईल कपाटाला टेकवून बसायचास. पलीकडे हैदराबादची मंडळी. ते पाव मोडायचे, आणि तू त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारून, तशी परवानगी घेऊन, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडायचास. वर तांब्यातलं पाणी. मी एकदा दारात उभा राहून ते पाहिलं. थट्टा करायला आलो होतो, पण केली नाही. भाकरी इतक्या हळूच मोडताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

आणि तुझे ते ड्रम. वर्षभराचं धान्य घरात साठवून ठेवावं, असं तुमच्यात सांगतात म्हणे. तू ज्वारीचे, तुरीच्या डाळीचे निळे ड्रम ओळीने लावलेस. काकू विचारायची, "दुष्काळ येऊन राह्यला का पावने?" मी सगळ्या तालुक्यात त्याच्यावर विनोद केले. मग टाळेबंदी आली, मंडपाचा धंदा बसला, आणि एका दुपारी तू माझ्या ओसरीवर पोतं ठेवून निघून गेलास. त्या ज्वारीवर आम्ही पावसाळा काढला. विनोद मी नंतरही केले. आभार मात्र मानले नाहीत. आज मानतो.

तुझं दुसरं खूळ म्हणजे वही. घराण्यातल्या मेलेल्या माणसांची नावं गोळा करायची, लिहायची, आणि मग दूर कुठेतरी तुमच्या मंदिरात त्यांच्या नावाने कोणीतरी जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. हे मला कळलं तेव्हा मी दुकानातच उभा राहून भाषण ठोकलं.

"मेलेल्या आजोबाला विचारलंस का, की बाबा तुला ख्रिस्ती व्हायचं आहे का?"

"तेच तं," तू म्हणालास. "तो नाही म्हनू शकते. आपुन दार उघडून ठेवाचं. अंदर याचं का नाही, ते त्याचं."

यावर उत्तर संध्याकाळी घरी काकूने दिलं. "माह्या सासऱ्याले पान्यात बुडवून राह्यला? त्याले तं आंघोयीचा कंटाया होता."

पण ती वही तिनेच भरली. आपल्याकडे भाट येतो, वर्षा-दोन वर्षांनी, लाल कापडात बांधलेली लांबट वही घेऊन. घराण्याची नावं वाचतो, नवी घालतो, धान्य घेऊन जातो. तू त्याला ओसरीवर बसवलंस आणि चार तास मागे मागे जात राहिलास. भाट खूश. इतकं ऐकून घेणारं गिऱ्हाईक त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. शेवटी तू विचारलंस, "अन् बाया?"

"कोन्त्या बाया?"

"ह्या सगळ्यायच्या माया. हे काय झाडाले लागले होते?"

भाटाच्या वहीत बाया नव्हत्या. मग तू काकूजवळ बसलास. तिची आई, आईची आई, सासूची सासू. जिचं नाव तिला आठवत नव्हतं तिचं माहेर आठवत होतं, त्यावरून तू गावोगाव एसटीने गेलास. म्हाताऱ्या बायांच्या खाटेशी बसून विचारत राहिलास. काकू तुझ्यावर चिडायची, पण संध्याकाळी तू परत आलास की पहिला प्रश्न तिचा असायचा, "सापडलं काय तिचं नाव?"

आता मी जे टाळतो आहे त्याकडे येतो. सात.

ती सात माणसं मी कशी मारली, हे लिहून टाकतो.

कारगिलची लढाई संपली आणि तू सुट्टीवर आलास. गावाने तुला बसस्टँडपासून शाळेपर्यंत बैलगाडीतून वाजतगाजत आणलं. माईक अर्थात माझ्याकडे. पटांगणात तुला दोन शब्द बोलायला सांगितलं. तू उठलास, माईककडे पाहिलंस आणि खाली बसलास. मागून कोणीतरी हाळी दिली, "दिगू, किती मारले बे?" तू मान खाली घातलीस. कार्यक्रम पडायला लागला की ते निवेदकाला सगळ्यांच्या आधी कळतं. मी माईक उचलला आणि म्हणालो, "सात."

पाच कमी वाटले असते आणि दहा खोटे. सात कसे मोजून आणल्यासारखे वाटतात. टाळ्यांनी कबुतरं उडाली.

त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ते सात जण माझ्या पोटापाण्याला लागले. तीन हातबॉम्बने, दोन संगिनीने, आणि उरलेल्या दोघांना तू अस्सल वऱ्हाडी शिवी दिलीस तर ते घाबरून दरीत पडले. पोरं तिथे हमखास हसायची. बंकर कधी एक असायचा, कधी दोन. गावात असलास की तू पाहुण्यांच्या ओळीत खुर्चीवर बसून पायांकडे पाहायचास आणि लोक म्हणायचे, काय विनय आहे. तुझी आई बायकांच्या बाजूला बसलेली असायची. मी बंकरपाशी पोचलो की ती उठून मंडपाबाहेर जायची. मला वाटायचं, पोराचा जीव धोक्यात आहे हे तिला ऐकवत नाही. ते पण मी वाया जाऊ दिलं नाही. "पहा, वीरमाता डोळे पुसत चालली आहे," असं मी माईकवर म्हणत असे. दिगू, तू मला तेव्हाच का मारलं नाहीस?

खरं काय ते तू मला लोणारला सांगितलंस, तीन वर्षांपूर्वी. माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं, कर्णे माझे, तू सोबत आलेला. लग्न लागलं, पहिली पंगत बसली, आपण दोघं चालत सरोवराच्या काठावर गेलो. खाली ते हिरवट पाणी. आकाशातून दगड पडून झालेला तो खड्डा तू काठावरून न्याहाळलास.

"हे पडलं तवा कोनी पाह्यलं असन काय बे?"

"असेल कोणी."

"अन् लेहलं नाही."

"तेव्हा लिहिता कुठे येत होतं?"

"तेच म्हनतो. एवढा मोठा खड्डा, अन् त्याचा साक्षीदार नाही. मंग लायन्या खड्ड्याचं काय घिऊन बसला."

मी विचारलं, कोणता लहान खड्डा. आणि तू बोलायला लागलास. आयुष्यात पहिल्यांदा तू बोलत होतास आणि मी ऐकत होतो.

"म्या एकबी मारला नाही, सुध्या. आमची टोली वर पोचली तवा तिथली लढाई सरली होती. त्यायचे लोक तसेच पडले होते, न्याले कोनी आलं नाही. सायबानं इचारलं, खोदाचं काम कोनाले येते. म्या हात वर केला. आपल्या विहिरीत दोन उन्हाये दगड फोडला होता ना. तिथं बी दगडच. चार खड्डे खोदले. आमच्याच पलटणीतल्या मौलवीनं नमाज पढली अन् आमी माती देल्ली."

मग तू सांगितलंस, की त्यातल्या एकाच्या खिशात चिठ्ठी होती. तुमच्यातल्या एका जवानाला उर्दू वाचता यायचं. त्याने वाचून दाखवली. बायकोची चिठ्ठी. म्हैस व्याली, मागची भिंत पडली, तुम्ही कधी येता.

"माह्या खिशात शोभाची चिठ्ठी होती," तू म्हणालास. "गाय आटली, गोठ्याचा पत्रा उडाला, तुमी कवा येता." आणि मग, "चिठ्ठी सायबापाशी देल्ली. नाव तेवढं ध्यानात ठेवलं."

ते नाव घेऊन तू सुट्टीवर घरी आलास, बैलगाडीत बसून मिरवलास, पुढे सतरा वर्षं नोकरी केलीस आणि हैदराबादच्या फाटकावर जाऊन उभा राहिलास. तिथे त्या दोघांनी तुला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या ग्रंथात एक कौम लढत लढत संपते, शेवटी एकच माणूस उरतो. तो सगळा इतिहास धातूच्या पत्र्यांवर लिहितो आणि पत्रे टेकडीत पुरले जातात, आणि शेकडो वर्षांनी तिथेच एका माणसाला सापडतात. त्याच ग्रंथात दुसरी काही माणसं आहेत. त्यांनी खूप रक्त सांडलेलं होतं. एक दिवस ती आपली हत्यारं जमिनीत खोल पुरून टाकतात, पुन्हा हाताला लागू नयेत म्हणून, आणि शपथ घेतात की मरू, पण मारणार नाही.

"मले वाटलं, हे आपल्याच कामाचं लेहलं हाये," तू म्हणालास. "पुरन्याचं."

मी हेलावलो होतो. पण जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "दिगू, अमेरिकेतल्या टेकडीत सोन्याचे पत्रे निघाले आणि एकालाच दिसले, हे तुला खरं वाटतं?"

"पाह्यनारे आनखी होते. पन ते जाऊ दे. तू सात म्हनला तं मी कोनाले दिसलो होतो? तरी साऱ्या तालुक्यानं मानलं."

"मी गोष्ट सांगतो. तू धर्म म्हणतोस."

"म्हनूनच म्हनतो. गोष्ट सांग, पन माह्या नावावर नको सांगू. ज्या माईकवर बोलला त्याच माईकवर दुरुस्त कर." आणि तू उठलास. "चाल, दुसरी पंगत बसली असन."

परतताना एसटीत आपण भांडलो. मी म्हणालो, लोकांना सात हवे आहेत, तुझे चार खड्डे कोणाला हवेत. तू म्हणालास, तुझ्या ग्रंथातली तीच गोष्ट तुला आवडते, की तो हरलेल्या माणसाने लिहिला, आणि आपल्या लोकांच्या चुका त्याने झाकल्या नाहीत. मी म्हणालो, मग तो माणूस निवेदक म्हणून चालणार नाही. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "भाऊ, जरा हळू."

गाडीतून उतरताना, सव्वीस जानेवारीला सांगतो, असा मी शब्द दिला. सव्वीस जानेवारी आली. झेंडा, पोरं रांगेत, पाहुणे, आणि मी माईक घेतला. खरं सांगतो, मी बोलणार होतो. पण पोरांचे चेहरे वर झालेले, शिवीची वाट बघत असलेले. मी सात सांगितले. आणि देवाशपथ, कसा ते माहीत नाही, एक आठवाही निघाला.

दुसऱ्या दिवशी तू टपरीवर आलास. तुझा मॉर्मन चहा प्यायलास. कपाशीची बोंडअळी, काकूचा गुडघा, सगळं बोललास. आठव्याबद्दल एक शब्द नाही. तू ओरडला असतास तर मी तुझ्यावर रागावू शकलो असतो.

एक भांडण मात्र तू माझ्याशी नाही, तुझ्या लोकांशी केलंस. त्या चिठ्ठीवाल्या माणसाचं नाव मंदिरात द्यावं, असं तुझ्या मनात आलं. तू फोनवर विचारलंस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नाव आपल्या घराण्यातल्याचंच देता येतं, दुसऱ्याच्या घरात न विचारता हात घालायचा नाही. तू मला म्हणालास, "बरोबर हाये त्यायचं. त्याचा धर्म त्याच्यापाशी होता." आणि थोड्या वेळाने, कप खाली ठेवून, "पन सुध्या, आपल्यात मातीले कोन जाते? सगा जाते, सोयरा जाते. त्याच्या मातीले मीच होतो. मंग मी त्याचा कोन लागतो?"

मी काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही, याचं मला बरं वाटतं.

तू गेल्याचं कळल्यावर मी आलो तेव्हा तुझी ती अर्धी सुटलेली नाडी तशीच होती. ती मी सोडली. एवढंच काम मला सापडलं. संध्याकाळी जीपमधून तुझ्या पंथाची तीन माणसं हैदराबादहून आली, दिवसभर प्रवास करून. गावात कोणी त्यांना ओळखत नव्हतं, कुजबूज चालू. काकूने रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे शेजारघरचा चहा ठेवायला लावला. तिघांनी हात जोडले आणि नको म्हणाले. काकू इतका वेळ दगडासारखी बसली होती. ती म्हणाली, "हाव. दिगूचीच मानसं हायेत." मग कोणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी हळू आवाजात एक गाणं म्हटलं, आपल्या लोकांनी बाकीचं केलं, आणि तुला आपल्या नदीकाठी अग्नी दिला.

चौथ्या दिवशी सरपंच दुकानात आले. तुझी पाटी करायची, पितळेची, शाळेच्या फाटकावर. तेराव्याच्या कार्यक्रमात जाहीर करायचं. "मजकूर तुमीच लेहा भाऊ, तुमचं पाठ आहे. सात शत्रूंना कंठस्नान वगैरे." मी हो म्हणालो. कागद घेतला. पहिली ओळ झाली, दुसऱ्या ओळीत 'सात' लिहिलं आणि हात थांबला. आजवर ते नुसतं हवेत होतं. कर्णे उतरवले की संपायचं. आता ते धातूवर जाणार होतं, तुझ्या नावाखाली, आणि शंभर वर्षांनी कोणी वाचलं तर तेवढंच खरं राहणार होतं. धातूवर लिहिलेल्या इतिहासावर तुझा किती जीव, हे मला एकट्याला माहीत होतं.

मी वहिनीकडे तुझी वही मागितली. शेवटच्या पानांवर तुझी नावं. आजा, पणजा, त्यांच्या बाया, प्रत्येकीचं माहेर. समोर नात्याचा रकाना. सगळ्यात खाली एक नाव होतं, ते आपल्या घरातलं नाही, आपल्या मुलखातलंही नाही. त्याच्यासमोर, नात्याच्या रकान्यात, तू एकच शब्द लिहिला होतास. 'माती.'

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तुझ्याकडे नीट आहे.

काल तेरावं झालं. मंडप माझा, कर्णे माझे. सरपंच बोलले आणि पाटीचा मजकूर वाचायला मला बोलावलं. मी कागद खिशातच ठेवला. समोर गाव, उजवीकडे बायका, त्यांच्यात भिंतीला टेकून काकू.

मी साधं वाक्य बोललो, दिगू. बहुतेक पहिलंच. "दिगंबरने लढाईत एकही माणूस मारला नाही. ते सात मी मारले, याच माईकवर, आणि तो नको म्हणत होता." मग लोणारला ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. दगड, चार खड्डे, नमाज, चिठ्ठीतली म्हैस. काही वाढवलं नाही. पाहा, म्हशीला रंगसुद्धा दिला नाही. सांगून झालं तेव्हा एकही टाळी पडली नाही. असा कार्यक्रम माझ्या हातून कधी पडला नव्हता, आणि तो सावरायला मी काहीही केलं नाही.

सरपंचांनी हळूच विचारलं, "मंग पाटीवर काय लेहाचं?"

"परक्यांना माती दिली, एवढं लिहा," मी म्हणालो.

तेवढ्यात काकू उठली. मला वाटलं, नेहमीसारखी बाहेर चालली. पण ती बाहेरच्या बाजूला वळली नाही. गुडघा धरत, बायकांच्या मधून वाट काढत ती सरळ माझ्यापाशी आली, इतकी जवळ की माईकने तिचा श्वाससुद्धा उचलला, आणि सगळ्या अमडापूरला चारही कर्ण्यांतून ऐकू गेलं,

"त्याले कोंबडी कापता येत नव्हती बे सुध्या, अन् तू त्याच्या हातानं सात मानसं मारली."